हातानं का लोखंडानं

सावनेरच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जात तेव्हा देवराव गोतमारे मान वर करून कधी पाहत नसे. पण आवाजावरून त्याला सगळं कळे. कोणाचा क्लच घासतोय, कोण भरलेला येतोय, कोण रिकामा उडत चाललाय. भाकरी मोडता मोडता त्याचा हात थांबे आणि गाडी लांब गेली की पुन्हा चाले. इंदूबाई ते पाही आणि ताटात आणखी थोडं वरण वाढी.

मानकापूरच्या नाक्यावरच्या टपरीवर त्याला एक नाव पडलं होतं, ‘आधी-आवाज’. तो चहाला टेकला की कोणीतरी विचारायचंच.

“काय गा देवराव, आधी आवाज का आधी पुलिया?”

बाकीचे हसत. देवराव बशीत चहा ओती, फुंकर मारी, पिऊन टाकी आणि लाकडाच्या टालावर कामाला निघून जाई. तिथे तो सागाच्या गोट्या, म्हणजे ओंडके, मोजून देण्याचं काम करी. एकेकाळी तो ट्रक चालवत असे, हे टालावरच्या नव्या पोरांना सांगूनही खरं वाटलं नसतं.

त्या हसण्यामागची गोष्ट अशी. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात सावनेरकडून कोळसा भरून येताना देवरावच्या गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं आणि गाडी एका पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलावर, आदळून खाली उलटली. त्याच्या शेजारी बसलेला क्लीनर लहानू जागच्या जागी गेला. विशीतला, नुकतं लग्न ठरलेला. देवरावच्या बरगड्या मोडल्या, पण तो वाचला. चाकाचा एक्सल, म्हणजे ज्या जाड दांड्यावर चाक फिरतं तो दांडा, मधोमध तुटलेला सापडला. मालक म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडी पुलियावर घातली, त्या धक्क्याने एक्सल तुटला. देवराव म्हणाला, आधी कडाड् आवाज झाला, एक्सल तुटला, म्हणून गाडी फिरली, मग पुलिया आली. पोलिसांना तेच सांगितलं, कोर्टात तेच सांगितलं. कोर्टाने त्याला सोडून दिलं. पण तू निर्दोष आहेस म्हणून नाही, पुरावा नाही म्हणून. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते गोतमाऱ्यांच्या घराला त्यानंतर रोज कळत राहिलं. कोणी त्याच्या हातात गाडी दिली नाही.

तेही त्याने सोसलं असतं. पण लहानूच्या तेरवीला तो सावनेरला गेला होता, छातीला पट्टा बांधलेला, इंदूबाईचा आधार घेत. लहानूची आई रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने शिव्या दिल्या नाहीत, छाती पिटली नाही. एवढंच म्हणाली,

“मायं लेकरू तुह्या हातानं गेलं का लोखंडानं गेलं, एवढं सांग मले. मंग मी काही नाही विचारत.”

देवरावच्या तोंडातून ‘लोखंडानं’ हा शब्द निघाला नाही. त्याला वाटलं, आपण म्हणालो तर तिला ते खोटंच वाटणार. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला स्वतःलाही खात्री राहिली नव्हती. तो आवाज आधी होता, हे तो दवाखान्यात पडल्या पडल्या इतक्या वेळा बोलला होता की आता ते आठवतंय का बोललेलं आठवतंय, हे त्याचं त्यालाच कळेना.

“सांगीन म्हातारे,” तो म्हणाला. “कळलं का येऊन सांगीन.”

तेव्हापासून तो सावनेरला गेला नव्हता.

बरगड्या सांधल्यावर देवराव कबाड्याकडे गेला आणि मोडक्या गाडीतून तो तुटका एक्सल शोधून घेऊन आला. वीतभर लांबीचा, मनगटाएवढा जाड तुकडा, चिखलाने आणि ग्रीसने माखलेला. त्याने तो लाल फडक्यात बांधून देवाच्या कोनाड्याखाली ठेवला.

“हे काहून घरात?” इंदूबाईने विचारलं.

“साक्षीदार आहे तो,” देवराव म्हणाला. “एक दिवस बोलन.”

इंदूबाईने तो शब्द मनात धरला. घरात साक्षीदार आहे म्हटल्यावर त्याचा मान ठेवायला पाहिजे. खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, देवरावचे पाने, जॅक, हातोडा यांची पूजा होत असे. त्या वर्षीपासून तो तुकडाही पाटावर जाऊ लागला. पहाटे, घरातली माणसं उठायच्या आधी, ती सगळं लोखंड टालाच्या विहिरीवर नेऊन धुई. पहिल्या वर्षी त्या तुकड्याच्या तुटक्या तोंडाचा दात तिच्या तळव्यात घुसला आणि रक्ताचे दोन थेंब लोखंडावर पडले. तिला वाटलं, ज्या लोखंडाने एकाचा जीव घेतला त्याला पुन्हा रक्त दाखवणं बरं नाही. विळा धारेला लावतात त्या दगडावर तिने ते तोंड घासघासून सारखं केलं. मग दर वर्षी थोडा दगड, विटेचा भुगा, नारळाची शेंडी. पुढे कोराडीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि तिथली राख घरोघर भांडी घासायला येऊ लागली. पिठासारखी मऊ राख, तिने पितळ काय, लोखंडसुद्धा उजळत असे. घासून झालं की वरून तेल, हळद, कुंकू. देवराव अंघोळ करून येई तोवर तुकडा फुलांनी झाकलेला असे. तो हात जोडी आणि पूजा झाली की फडकं पुन्हा बांधून टाकी, न पाहता. त्याला तो पाहवत नसे. आणि आपण त्याचं दुःख इतक्या निगुतीने सांभाळतो आहोत, याचं इंदूबाईला मनातून समाधान वाटे.

त्यांचा एकुलता मुलगा शालिकराम. एक्सल तुटला तेव्हा तो शाळेत होता आणि ‘आधी-आवाजचा पोट्टा’ म्हणून मार खाऊन येत होता. तो अभियांत्रिकी कॉलेजात गेला, तोही धातूच्या शाखेला, तेव्हा नातेवाइकांना नवल वाटलं. पूल बांध, रस्ते बांध, लोखंड शिकून काय करणार? इंदूबाईला मात्र कळलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली तो शेवटच्या वर्षाला होता. त्या वर्षी मुलांना स्वतः काहीतरी बनवून दाखवावं लागे. एका संध्याकाळी तो घरी आला आणि अंगणातल्या फरशीवर खडूने आकृती काढू लागला. देवराव खाटेवर बसून पाहत होता.

“हे काय काढून राहिला बे?”

“मशीन आहे बाबा. लोखंड थकवाची मशीन.”

“लोखंड काय थकते?” देवराव हसला.

“थकते. माणसावानीच थकते. आमच्या कॉलेजात लोखंड ताणून तोडाची मशीन आहे, ठोकून तोडाची आहे. थकवून तोडाची नाही. ते आम्ही बनवणार, मी अन् गोविंदा.”

गोविंदा हा त्याचा वर्गमित्र, कामठीच्या विणकराच्या घरचा. बोलका, सदान्कदा भुकेला.

“तार वाकवून वाकवून तुटते, हे त लेकराले बी माहीत आहे,” देवराव म्हणाला. “त्याले मशीन काहून पाहिजे?”

“तार वाकलेली दिसते बाबा. हे वाकलेलं दिसत बी नाही, अन् तुटते.” शालिक खडू खाली ठेवून उकिडवा बसला. “आतमध्ये केसाएवढी चीर पडते. रोज थोडी सरकते. गाडी चालून राहिली, ओझं वाहून राहिली, कोणालेच पत्ता नाही. अन् एक दिवस साध्या रस्त्यावर कडाड्.”

देवराव खाटेवरून उतरला.

“अन् मंग कळते का? आधी थकलं होतं का धक्क्यानं तुटलं ते?”

“तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असते. धक्क्यानं तुटलं तर सगळं खरखरीत, मिठाच्या खड्यावानी. थकून तुटलं तर अर्धं गुळगुळीत, अन् त्याच्यावर रेघा. चीर जिथं जिथं थांबत गेली तिथं तिथं रेघ.” त्याने एकदम कोनाड्याकडे पाहिलं. “आमचे सर म्हणतात, पुस्तकातले फोटो दाखवून कोणी मानणार नाही. त्याच पोलादाची सळई घे, थकवून तोड, अन् दोन तोंडं बाजूबाजूले ठेव. आंधळ्यालेही कळन. बाबा, फडकं सोडू का?”

“नाही,” देवराव म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “आधी तुही मशीन बोलू दे. मंग याले बोलवू.”

इंदूबाई दारात उभी होती. तिला त्या वेळी एवढंच दिसलं की नवरा अनेक वर्षांनी खाटेवरून आपणहून उतरला. तिला फार आनंद झाला. रेघांचं ती अर्धंच ऐकत होती. चुलीवर दूध होतं.

मशीन बनवणं म्हणजे भीक मागत हिंडणंच होतं. कल्पना साधी होती. एक बारीक सळई एका टोकाला घट्ट पकडायची, मोटरने गरगर फिरवायची आणि दुसऱ्या टोकाला बेअरिंगवरून वजन टांगायचं. सळई फिरते, वजन लोंबकळत राहतं. सळईची जी बाजू वर येते ती ताणली जाते, तीच खाली गेली की दाबली जाते. असे लाखांनी फेरे. सळई तुटली की वजन खाली पडून खटका दाबला जातो आणि मोटर आपोआप बंद होते, म्हणजे कोणी पहारा द्यायला नको. फेरे मोजायला काहीतरी हवं होतं. ते गोविंदाने कामठीहून आणलं, कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रमागावरचा, धागे मोजणारा काउंटर. वजनं देवरावने टालावरच्या जुन्या काट्याची आणली. मोटर मिळेना, म्हणून शालिकने घरच्या कूलरची काढली. मार्च संपत आला होता.

“अबे, उन्हाळा आहे समोर! तुह्या बाबाले ऊन सोसत नाही,” इंदूबाई ओरडली.

“राहू दे वं,” देवराव म्हणाला. “ओलं फडकं लावू खिडकीले. मोटर घेऊन जाय तू.”

कबाड्याकडून त्याच बनावटीच्या गाडीचा दुसरा एक्सल मिळाला. तो कापून कॉलेजच्या लेथवर त्याच्या सळया काढल्या. पहिली चौकट लाकडाची केली, ती मशीन सुरू करताच थरथरत टेबलावरून चालायला लागली. गोविंदा तिच्यामागे धावला.

“काकू, मशीन पळून जाऊन राहिली होती!” दुसऱ्या दिवशी तो सांगत होता. “म्या गच्ची पकडली तिची, मानगूटच! म्हटलं, परीक्षा झाल्यावर जाजो!”

मग लोखंडी चौकट आली. ती थरथरली नाही, पण सळया भलत्याच ठिकाणी तुटू लागल्या, पकडीच्या तोंडाशी, थोड्याच फेऱ्यांत. शालिक उतरलेल्या चेहऱ्याने घरी आला. लेथच्या हत्याराच्या आडव्या रेघा सळईवर राहतात, तिथूनच चीर धरते, असं सर म्हणाले होते. सळई आरशासारखी घासायला हवी होती, आणि तीही उभी, लांबीच्या दिशेने. दोघांनी पॉलिश पेपर घेऊन घासून पाहिलं, बोटं सोलून घेतली.

“आण इकडं,” इंदूबाई म्हणाली. “जन्म गेला माया घासण्यात.”

तिने राख चाळून घेतली, ओल्या फडक्यावर पसरली आणि एक सळई घासून दिली. शालिकने ती उन्हात फिरवून पाहिली. एकही ओरखडा नव्हता.

“माय, हे त कंपनीतून आल्यावानी दिसून राहिलं!”

मग सगळ्याच सळया तिच्याकडे आल्या. दुपारी जेवणं उरकली की ती दारात बसून घासत राही आणि शेजारणींना सांगे, पोराची मशीन चालते ती माझ्या हाताच्या जोरावर. देवराव टालावरून आला की सळई उचलून डोळ्याजवळ धरी. “झाली वं?” विचारी. त्या उन्हाळ्यात कूलर बंद, घर भट्टीसारखं, आणि तरी तो रोज एकच गोष्ट विचारी. चालली का मशीन? लाइट गेल्ती का? तुटली का? टपरीवर आता कोणी विचारलं तर तो उत्तर देऊ लागला होता, “थांबा जरा. लोखंड बोलणार आहे.” सावनेरला कोणत्या बसने जायचं, ते त्याने मनात ठरवूनही टाकलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी शालिक धापा टाकत आला. सळई तुटली होती. मधोमध, जिथे तुटायला हवी तिथे.

“बाबा, चला कॉलेजात!”

देवराव उठला, पुन्हा बसला. “माय जाईल. तिनं घासल्या सळया. तू जाय वं, पाहून ये. अन् मले येऊन सांग, बरोबर सांगजो.”

इंदूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. प्रयोगशाळेत ती मशीन तिला पहिल्यांदाच दिसली. आपल्या कूलरची मोटर तिने लगेच ओळखली. काउंटर थांबलेला होता, वजन खाली लोळत होतं. शालिकचे सर पुढे आले, चष्मेवाले, मृदू बोलणारे.

“या ताई. तुमच्या हाताचं काम पाहिलं आम्ही. आता हे बघा.”

त्यांनी चिमट्याने सळईचा तुकडा उचलून तिच्या डोळ्यांसमोर भिंग धरलं. कन्हान नदीचं पाणी ओसरलं की वाळूवर एकामागे एक अशा वाकड्या रेघा राहतात, तशा रेघा त्या करंगळीएवढ्या तोंडावर होत्या. बारीक, शांत, अर्ध्याहून पुढे गेलेल्या. उरलेला भाग खडबडीत, चमचमता.

“इथून सुरू झालं,” सर म्हणाले. “ही एकेक रेघ. आणि इथे आल्यावर उरलेल्याला भार झेपला नाही.”

इंदूबाईला ते फार सुंदर वाटलं. तिने बोट पुढे केलं.

“अं हं! तोंडाला हात नाही लावायचा. बोटाच्या घामानेसुद्धा खराब होतं ते. पुसायचं नाही, घासायचं तर नाहीच. घासलं की संपलं, मग त्याच्याकडे काही सांगायलाच उरत नाही.” मग ते शालिककडे वळले. “तुमच्या घरचा तुकडा कोणी हाताळला नाही ना?”

“नाही सर. फडक्यात बांधून आहे. वर्षातून एकदा पूजेले काढतो, बस.”

“हळद-कुंकूच ना? ते निघेल. उद्या घेऊन या.”

पुढे केलेलं बोट इंदूबाईने मागे घेतलं आणि दोन्ही हात पदराखाली लपवले. गोविंदाने तिला पेढा दिला. तो तिच्या मुठीतच राहिला.

शालिक कॉलेजात थांबला आणि ती एकटी बसने घरी आली. देवराव तोवर टालावर गेला होता. तिने दार लोटलं, फडकं सोडलं, पदराने कुंकू पुसलं. खाली लोखंड लखलखत होतं. दाराच्या फटीतून आलेला उजेड त्यावर पडला आणि तिला त्यात आपला चेहरा दिसला, अंधुक, वाकडा. तिने बोट फिरवलं. एक रेघ लागेना. तिचीच नजर चुकत असेल म्हणून नखाने पाहिलं. काही नाही. किती छान घासलं होतं तिने.

उद्या शालिक हे उघडेल. देवराव शेजारी उभा असेल.

तिच्या मनात विहीर आली. तुकडा हरवला असं म्हणता येईल. कोणी चोरून नेला, कबाड्याच्या पोरांनी उचलला. मग निदान म्हणता तरी येईल की असता तर बोलला असता. हरवलेल्या साक्षीदारावर विश्वास ठेवता येतो. जिवंत असून मुका असलेल्यावर कसा ठेवणार? तिने तुकडा पुन्हा फडक्यात बांधला, पाण्याच्या निमित्ताला कळशी घेतली आणि टालाच्या विहिरीवर गेली. काठावर उभी राहिली. पाणी उन्हाळ्याने खोल गेलं होतं. तिला वाटलं, टाकला तर आवाज होईल. आधी आवाज. तिला हात उचलवेना.

“काय करून राहिली वं तिथं?”

देवराव गोट्यांच्या ढिगामागून येत होता. तिला वाकलेली पाहून तो घाबरला होता, भराभर आला. मग त्याला लाल फडकं दिसलं.

“हे काहून आणलं इथं? तुटली ना सळई? दिसल्या का रेघा?”

“दिसल्या,” ती म्हणाली. “लय सुंदर दिसतात, अजी.”

“मंग?”

तिने फडकं त्याच्या हातात दिलं. त्याने गाठ सोडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या तोंडाकडे नीट पाहत होता.

“मीच घासला,” ती म्हणाली. “दर खांडेनवमीले. याच विहिरीवर. पहिल्या साली हातात घुसला, म्हणून दगडावर घासला. मंग राखेनं. ते सर म्हणतात, घासलं का संपलं. मले काय माहीत होतं... तुम्ही साक्षीदार म्हटलं, म्हणून म्या...”

देवराव विहिरीच्या काठावर बसला. त्याने तुकडा उजेडात फिरवला, एकदा, दोनदा.

“आरसा केला वं तू याचा,” तो म्हणाला. आणि हसला. तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला सोपं गेलं असतं. तो तसाच हसत त्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिला, आणि मग त्याचे खांदे हलू लागले.

संध्याकाळी शालिक आला. त्याने सरांचं भिंग मागून आणलं होतं. देवरावने तुकडा पुढे केला. शालिकने भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“हे कोणं केलं?”

“मी,” इंदूबाई म्हणाली.

“कोणं सांगितलं होतं तुले घासाले? कोणं? इतकी वर्षं... कशाले ठेवला मंग घरात? कशाले?”

“आवाज खाली कर,” देवराव म्हणाला. “तुह्या सळया कोणं घासल्या बे?”

शालिक अंगणात जाऊन खडूच्या पुसट झालेल्या आकृतीवर बसून राहिला. रात्री जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी तरीही तो तुकडा सरांकडे घेऊन गेला. सरांनी बराच वेळ पाहिला. थकून तुटला असेल, नसेलही, काहीच सांगता येत नाही, म्हणाले. रेघा असत्या तरी गंजानेही गेल्या असत्या कदाचित, हे त्यांनी आवर्जून सांगितलं, आणि शालिकने ते आईला सांगितलं. ‘कदाचित’ हा शब्द इंदूबाईने ऐकला आणि भांडी घासायला बसली.

मशीनचं कौतुक झालं. कॉलेजने ती ठेवून घेतली, पुढच्या मुलांना दाखवायला. शालिक पहिल्या वर्गात पास झाला आणि भिलाईला नोकरीला गेला. जाताना त्याने ती रेघांची छोटी सळई काचेच्या बाटलीत घालून बापाच्या हातात दिली. देवरावने ती कोनाड्यात ठेवली. खाली मोठा तुकडा, वर छोटा. छोटा बोलणारा, मोठा मुका.

पोळा झाल्यावर देवराव म्हणाला, “सावनेरले जाऊन येऊ.”

“काय सांगाचं तिले?” इंदूबाईने विचारलं.

रुखमाबाई फार म्हातारी झाली होती. तिने त्यांना ओळखायला वेळ लावला, मग दुसऱ्या मुलाच्या बायकोकडून पाणी आणवलं. देवराव तांब्या हातात धरून बसला. म्हातारीने स्वतःच विचारलं.

“कळलं का?”

“लोखंडानं गेलं, माय,” इंदूबाई एकदम म्हणाली. “लोखंडानंच गेलं. पोरानं मशीन बनवली, त्याच्यात...”

“गप वं,” देवराव म्हणाला. त्याने तांब्या खाली ठेवला. “नाही कळलं, म्हातारे. अन् आता कळणार बी नाही. एवढंच सांगाले आलो.”

“बरं,” रुखमाबाई म्हणाली. उठली, भिंतीला हात लावत लावत आत गेली, आणि बाहेर आली नाही. पाणी प्यायलं नव्हतं, ते तसंच राहिलं. परत येताना बसच्या खिडकीतून ती पुलिया दिसली. देवरावने मान वर केली नाही.

त्या वर्षी खांडेनवमीला इंदूबाई पहाटे उठली नाही. उजाडल्यावर तिने पाने धुतले, हातोडा धुतला, पाटावर मांडले. लाल फडक्याला तिने हात लावला नाही. देवराव अंघोळ करून आला, पाटाकडे पाहिलं, कोनाड्याकडे गेला आणि फडकं सोडून तुकडा घेऊन आला. पावसाळ्याने त्यावर तांबूस गंज धरला होता. तो अंगणात बसला. राखेचा डबा ओढला, शेंडी ओली केली आणि घासू लागला, गोल गोल, तिच्यासारखाच.

“काहून घासता आता?” ती म्हणाली. “राहू द्या ना.”

“आता काय ठेवाचं आहे त्याच्यात,” तो म्हणाला. “चमकू दे.”

तो घासत राहिला. गंज निघून काळं पाणी फरशीवरून वाहिलं. मग मान वर न करता, टपरीवरचे लोक विचारत तसंच पण अगदी हळू, त्याने विचारलं,

“आधी आवाजच आला होता ना वं?”

इंदूबाई त्या गाडीत नव्हती. ती त्या वेळी घरी शालिकच्या शाळेचा सदरा वाळत घालत होती.

“हो,” ती म्हणाली. “आधी आवाजच.”

त्याने मान हलवली आणि शेंडीला पुन्हा राख लावली.